उलटी खोचलेली पाटी

आधी मुमताज आपांचं नाव घेते, बाई. तुम्हाला राग आला तर येऊ दे. तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना शेवटपर्यंत ज्यांनी पाणी घातलं, तुम्हाला चावता येईना तेव्हा कडक भाकरी दुधात कुस्करून ज्यांनी भरवली, आणि तुम्ही बजावून ठेवलं असतानाही शेजारच्या मुलीकडून माझा नंबर ज्यांनी लावून घेतला, त्या मुमताज आपा. त्यांनी फोन केला नसता तर मी अजून तुमच्यावर रुसूनच बसले असते. माणूस जिवंत आहे असं धरून रुसतात तशी.

फोन सकाळी आला. मी रोपांच्या ट्रेला नावाच्या पट्ट्या लावत होते. आपा म्हणाल्या, "रुक्मी, हातातलं काम ठेव. बस खाली."

मी बसले नाही. हातात पट्टी धरून उभीच राहिले.

"बाई गेल्या गं. परवा."

परवा. म्हणजे तुमच्यात माती देतात ती देऊनही झाली होती. मी विचारलं, आजारी होत्या का? तर म्हणाल्या, चार महिने. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? आपा रडायलाच लागल्या. "बाईनं कसम घातली बेटी. बोलल्या, उसको बोलना नक्को. ती नोकरी टाकून येईल."

चार महिने, बाई. या चार महिन्यांत मी रोज फोन बघायची. मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता. 'चुकलं.' मोठं काही मागितलं नव्हतं. तुम्ही तो म्हणाला असता तर मी मागचं सगळं विसरले असते. तो शब्द तुमच्याकडे राहिला आणि तुम्ही निघून गेलात. माणसं म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मी रागावले आहे. तुम्हीच शिकवलंत की जे दिसतंय तेच लिही, मनातलं सुशोभित करून लिहू नको.

हे वाचणाऱ्यांना आपली ओळख नाही, म्हणून सांगते. मी करकंबची. आठवीत शाळा सुटली आणि मी सोलापूरला मावशीकडे आले. आपा मावशीच्याच बोळात राहायच्या आणि तुम्ही वनस्पतीशास्त्र शिकवायचा त्या कॉलेजच्या बागेत माळीकाम करायच्या. माझी दारातली रांगोळी बघून त्यांनी माझा हात धरला आणि मला तुमच्यासमोर उभं केलं. "बाई, हिचा हात बघा." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलंत. तेलाच्या डब्याची कापलेली पट्टी पुढे केलीत, पांढरा रंग मारलेली, वाळलेली. बारीक ब्रश दिलात. म्हणालात, "या कागदावरचं जसंच्या तसं काढ." इंग्रजी अक्षरं होती, पण शब्द इंग्रजी नव्हते. मी काढले. तुम्ही पट्टी उन्हात धरलीत आणि म्हणालात, "उद्यापासून ये."

झाडांच्या पाट्या लिहायचं काम. सोलापूरच्या उन्हात रंग दोन उन्हाळ्यांत पोपडे धरायचा, म्हणून काम कधी संपायचं नाही.

तुमची एक रीत होती. पाटी चुकली की तुम्ही बोलायचा नाहीत. नुसती उपटून तीच पाटी उलटी खोचायचा, अक्षरं मातीत आणि दांडा वर. काय चुकलंय ते सांगायचं नाही. आपलं आपण शोधायचं. सापडलं की नवी पाटी लिहून लावायची, तोवर ती तशीच. एम.एस्सी.च्या मुलांच्या पाट्यासुद्धा अशाच. येणारा-जाणारा बघायचा आणि हसायचा, "कुणाची उलटी झाली आज?" मला तेव्हा वाटायचं ही मोठ्या माणसांची शिकवायची पद्धत. आता वाटतं, ज्याला तोंडानं बोलायचं जड जातं त्याची ही सोय होती.

माझी पहिली उलटी पाटी काकडीची. पिकांच्या वाफ्यात तोवर मी मुळ्याच्या नावाला शेवटी 'सातीवुस' लिहिलं होतं आणि टबातल्या साळीला 'सातीवा'. मी आपलं मनाशी जुळवलं. तो मुळा, म्हणून वुस. ती साळ, म्हणून वा. कुणी न सांगता मला नियम कळला म्हणून मी खूश. काकडीच्या वेळी तुमचा कागद न बघताच ठोकून दिलं, ती काकडी, सातीवा. दुसऱ्या दिवशी पाटी उलटी.

मी चार दिवस त्या वाफ्याभोवती फिरले. अक्षरं मोजली. आपा खुरपं थांबवून म्हणाल्या, "क्या देखती गं? काकडी चोरणार हाय का कोण?" शेवटी मी तुमच्या शेडमध्ये येऊन उभी राहिले आणि म्हणाले, काकडी तीच की हो बाई, तो कसा होईल?

तुम्ही इतक्या हसलात की तुमचा चष्मा खाली आला. मग मला स्टुलावर बसवलंत. पहिल्यांदा बसवलंत, म्हणून लक्षात आहे.

"यव्वा, तुझं निम्मं बरोबर आहे," तुमच्या कानडी लाडानं म्हणालात. "काकडी तुझ्या घरात बाई आहे, लॅटिनच्या घरात बाप्या. प्रत्येक भाषेचं घर वेगळं. पण तुला हे सुचलंच कसं?"

मी म्हणाले, आपण नाही का म्हणत, पेरलेला मुळा, पेरलेली साळ, पेरलेलं धान्य. तसंच ते.

तेव्हा मला ठाऊकच नव्हतं की त्या शब्दाचा अर्थ खरोखर तोच आहे. तुम्ही चष्मा परत वर केलात. मग सांगितलंत. सेरेरे म्हणजे पेरणं. त्याचं सातुस, म्हणजे पेरलेला. त्यातून निघालं सातीवुस: माणसाच्या हातानं पेरलं जातं ते, आपसूक उगवत नाही ते. मुळ्यासारखा तो असेल तर सातीवुस, साळीसारखी ती असेल तर सातीवा, लसणासारखं ते असेल तर सातीवुम. लसूणही त्यांच्याकडे ते. कोथिंबीरही ते. "माझ्या पोरांना हे वर्षभर डोक्यात शिरत नाही," म्हणालात. "कारण ती इंग्रजीतून येतात. इंग्रजीत विशेषणाला तो-ती-ते काही पडलेलं नसतं. तू मराठीतून ये. सरळ रस्ता आहे."

बाई, मला शाळेत कुणी असं सांगितलं असतं, तू आहेस तिथून ये, सरळ रस्ता आहे, तर मी पुढं गेले असते. त्या दिवशी मी घरी जाताना सगळ्या रस्त्यानं ते घोकत गेले. भाजीवालीच्या टोपलीत मला सातीवुस, सातीवा, सातीवुम दिसायला लागले. मावशी म्हणाली, ही पोरगी काय मंत्र म्हणतेय? हे ऋण आहे. मी ते नाकारत नाही. रागाच्या भरातसुद्धा नाही.

पण रागाकडे येते.

विहिरीजवळचं शिंदीचं झाड आठवतं का? त्याची पाटी लिहिताना मी तुम्हाला विचारलं होतं, हे सिल्वेस्त्रिस काय? तुम्ही म्हणालात, सिल्वा म्हणजे रान. सिल्वेस्त्रिस, रानातलं. कुणी न लावता आलेलं. आणि याची गंमत म्हणजे याला तो आणि ती एकच रूप. तेवढं ते असेल तर शेवट बदलतो. मी म्हणाले, म्हणजे रानात बाई-बाप्या सारखेच? तुम्ही म्हणालात, व्याकरणात तरी. मला ते झाड तेव्हापासून आवडायला लागलं. दुपारचा डबा मी त्याच्याखाली खायची. सावली काही नव्हती त्याला, पण ते झाड कुणाचंच नव्हतं.

मग कॉलेजातला तो कार्यक्रम. बाहेरगावचे पाहुणे आले होते. मी नवी साडी नेसून मागे आपांशेजारी उभी होते. तुम्ही मला व्यासपीठावर बोलावलंत. खांद्यावर हात ठेवलात आणि माईकमध्ये म्हणालात, "ही रुक्मिणी. आठवी शिकलेली. बागेतल्या सगळ्या लॅटिन पाट्या हिच्या हातच्या. ही आमची सातीवा. मी लावलेलं रोप."

टाळ्या पडल्या. एक पाहुणे म्हणाले, "वा, म्हणून दाखव बरं तिन्ही रूपं." आणि मी म्हणून दाखवली, बाई. पोपटासारखी. परत टाळ्या. आठवी शिकलेली, हे तुम्ही आधी सांगितलंत म्हणून टाळ्या. दहा जणांनी फोटो काढले. त्यातल्या एकानंही मला विचारलं नाही की काकडी तो कसा.

संध्याकाळी बागेत मी तुम्हाला गाठलं.

"मला रोप म्हणू नका बाई."

"का गं? वाईट काय आहे त्यात?"

"मी काय तुमच्या वाफ्यात आले का? करकंबहून मी चालत आले. अक्षर माझ्या हातात आधीच होतं."

"मग काय रानात उगवलीस?"

"व्हय. रानात उगवले."

तुम्ही शिंदीकडे पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, "रानात उगवतं त्याला कुणी पाणी घालत नाही, रुक्मिणी."

एवढंच. पण तेवढ्यात सगळं आलं. स्टूल आलं, ब्रश आले, उन्हाळ्यात तुम्ही मला पाजलेलं ताक आलं. तुम्ही ते ताक मोजलं नव्हतंत, मला माहीत आहे. पण त्या वाक्यानंतर माझ्या घशात ते परत वर आलं. उपकार केलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. तिथं शिकलेला आणि न शिकलेला दोघंही सारखेच अडतात.

नंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी आले. मिटवायलाच आले होते, खरं सांगते. गॅलरीत कोथिंबिरीची कुंडी होती आणि तिच्यात नवी पाटी. तुमच्या हातची. तुमचं अक्षर डॉक्टरांसारखं, त्यात ब्रशची सवय नाही, म्हणून ओघळ आलेले. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: रुक्मिणी सातीवा.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात चहाचं भांडं हातात धरून उभ्या होतात आणि मिश्किल हसत होतात. तुम्हाला वाटलं मी हसेन. आज कळतंय की तीच तुमची समजूत काढायची तऱ्हा होती. पण मी तुम्हाला नको म्हणाले होते आणि तुम्ही तेच पत्र्यावर लिहून कुंडीत लावलंत. मी धुऊन आणलेले तुमचे ब्रश टेबलावर ठेवले आणि चहा न घेता जिना उतरले.

केरळातल्या या डोंगरावरच्या रोपवाटिकेत जागा आहे हे मला कॉलेजच्या ग्रुपवरून कळलं होतं. मी माझ्या पाट्यांचे फोटो पाठवले, त्यांनी बोलावलं. माझं मी केलं, म्हणून छाती फुगली होती. निघायच्या दिवशी तुम्ही आला नाहीत. आपांच्या हाती शेंगाचटणी आणि एक नवा ब्रश पाठवलात, खारीच्या केसांचा, मी कधीची मागत होते तो. चटणी मी घेतली. ब्रश परत दिला. आपा म्हणाल्या, "असं करू नको बेटी. ब्रशनं काय केलं तुझं?" मी गाडीत चढले.

इथं माझं मराठी कुणाला कळत नाही, मला त्यांचं मल्याळम कळत नाही. मुकादम लसणाच्या वाफ्याकडे बोट करतो आणि म्हणतो सातीवुम, मी मान हलवते, काम सुरू. दिवसभरात आम्ही दोघं जे काही नीट बोलतो ते तुमच्या त्या शब्दांत. प्रत्येक वेळी तुमची आठवण यायची आणि प्रत्येक वेळी राग यायचा. भाषा दिलीत, पण बोलायला तुम्ही नाहीत.

आपांचा फोन आला त्या दिवशी मुकादमानं मला रडताना पाहिलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "वो टीचर? तुम आने से पहले फोन किया. बहुत देर बोला. बोला, इस लड़की का हाथ देखो, सर्टिफिकेट मत देखो."

तेव्हा मी बादली लाथाडली, बाई. खोटं कशाला सांगू. माझं असं एकच काम होतं आयुष्यात, जे मी केलं असं मला वाटत होतं. तिथंही तुम्ही आधीच पाणी घालून गेला होतात. आणि सांगितलंही नाहीत. सांगितलं असतंत तर मी भांडले असते, पण फोन तरी केला असता. तुमचा आजार कळला असता. मी आले असते. तुम्हाला दुधात भाकरी मी भरवली असती. हे तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत, माझ्याच भल्यासाठी, मला न विचारता. जशी पाटी लावलीत तसंच.

चार दिवसांनी आपांनी परत फोन केला. तुमची भाची घर रिकामं करायला आली होती. आपा म्हणाल्या, "कुंड्या मी घेऊन जाणार हाय. ती कोथिंबिरीची वाळली, पण पाटी हाय तिच्यात. उलटी हाय. सरळ करू का?"

मी विचारलं, "उलटी कुणी केली?"

"बाईनंच की. मी डोळ्यानं पाहिलं. दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला बोलल्या, गॅलरीत ने. मी धरून नेलं. पाटी माझ्या हाती दिली न्हाय. उपटली आणि उलटी खोचली. मी बोलले, क्या हुआ बाई? बोलल्या, राहू दे तशी. हात लावायचा न्हाय कुणी." मग आपांनी विचारलं, "काय लिवलंय गं तिच्यावर?"

मी सांगितलं.

आपा म्हणाल्या, "मग उलटी कायकू केली?"

"चुकलं म्हणून."

"कोण चुकलं? तू?"

"मी न्हाय आपा. पाटी बाईंनी लिहिलेली."

"हौ?" आपा म्हणाल्या. "बाई पण चुकायच्या?" आणि मग आम्ही दोघी फोनवर हसायला लागलो, आणि हसता हसता दोघीही रडलो.

तर मिळाला तुमचा शब्द. अक्षरं मातीत, दांडा वर. मी चार महिने ज्याची वाट बघत होते तो तुमच्या गॅलरीत उभा होता आणि मला तो कळवायला एक फोन पुरला असता. माझा राग गेला म्हणू? नाही गेला. तुम्हाला तोंड होतं, बाई.

आणि वर गृहपाठ ठेवून गेलात. काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं. गेले आठ दिवस मी शोधतेय, वाफ्याभोवती फिरले तशी. शेवट चुकला? नाही, मी ती, म्हणून सातीवा, बरोबर. शब्द चुकला, सिल्वेस्त्रिस हवा होता? मला तसंच वाटायचं. आता वाटत नाही. मी रानात उगवले असं म्हणणं हाही माझा तोराच होता. पेरलेली तर मी आहे.

पण पेरलेली म्हणजे कुणी पेरलेली, हे त्या शब्दात कुठं आहे? तुम्ही म्हणालात मी लावलेलं रोप, सगळ्यांनी मानलं. बागेतला मुळा कुणी पेरला होता? साळ कुणी लावली होती? खुरपं कुणाच्या हातात होतं? आपांच्या. तीस वर्षं. तुम्ही नाव सांगायचा, मी लिहायची, आणि जिनं पेरलं तिचं नाव एका पाटीवर नाही. कार्यक्रमात ती माझ्या शेजारी मागेच उभी होती. मला रांगोळीवरून उचलून तुमच्यापुढं कुणी उभं केलं होतं? तुम्ही विसरलात. टाळ्यांच्या आवाजात मीही विसरले. तुम्ही पाटी उलटी केलीत ती याचसाठी का, मला कधीच कळणार नाही. पण मला सापडलेली चूक ही आहे, आणि ती आपल्या दोघींची आहे.

तुमची परतफेड मी करू शकत नाही. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि खरं तर मला ते मिटवायचंही नाही. ते आहे तोवर तुमच्याशी बोलता येतं. आपांची मात्र करणार आहे. मी परत दिलेला तो ब्रश त्यांनी पेटीत जपून ठेवलाय, तुम्हाला कधी सांगितलंच नाही म्हणाल्या. सुट्टी मिळेल तेव्हा सोलापूरला येईन. तेलाच्या डब्याची पट्टी कापून आणेन. आपांना वाचता येत नाही, म्हणून मी लिहिणार नाही, त्यांनाच लिहायला शिकवेन, म पासून. त्यांचं नाव त्यांच्या हातानं पत्र्यावर येईल आणि त्यांच्याच वाफ्यात त्या ते खोचतील. एखादं अक्षर चुकेल, ओघळ येतील. तेव्हा मी पाटी उलटी करणार नाही, बाई. त्यांच्या शेजारी खाली बसेन आणि तोंडानं सांगेन.